गंगावेशीतलं धारोष्ण दूध, सिझेरियन आणि लेकाची ॲलर्जी

तेरावी गल्ली | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. पाल्हाळ झाला तर सांभाळून घ्या. लेक आत्ताच झोपलाय आणि मला झोप येत नाही.

मुलगा १४ महिन्यांचा. पोटातलं पाणी कमी झालं म्हणून सिझेरियन करावं लागलं. तिसऱ्या महिन्यात गालांवर लाल चट्टे आले, मग कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचांत. रात्रभर खाजवायचा, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. आठव्या महिन्यात गाईच्या दुधातली नाचणीची खीर दोन चमचे भरवली आणि पंधरा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, भडाभडा उलटी. रिक्षाने दवाखाना गाठला, इंजेक्शन दिलं, तासाभरात सूज उतरली. तेव्हापासून दूध, दही, तूप सगळं बंद. तपासणीत दूध पॉझिटिव्ह, अंडंही थोडंसं.

आता घरात रोज कोर्ट भरतं. सासूबाई म्हणतात, "सिझरचं पोर, त्याच्या पोटात ते चांगले जंतूच गेले न्हाईत, मी टीव्हीवर बघितलोय." (बाहेरगावच्यांसाठी: आमच्याकडं बायकाही 'बघितलो' म्हणतात.) मावससासऱ्यांचं एकच औषध: "गंगावेशीच्या कट्ट्यावर न्या, म्हशीची धार थेट पेल्यात. आठ दिवसांत पोरगं खडखडीत." (गंगावेश म्हणजे आमच्या कोल्हापुरातला भाग, तिथल्या कट्ट्यावर म्हशी समोर पिळून दूध देतात.) पुण्याच्या नणंदेने प्रोबायोटिकचे, म्हणजे चांगल्या जंतूंचे, थेंब पाठवलेत. नवऱ्याने कुठल्याशा लॅबमधून ९० पदार्थांची रक्ततपासणी करून आणली, किंमत विचारू नका. त्यात गहू, तूरडाळ, तांदूळ, टोमॅटो, सगळ्यांपुढे लाल खूण. मग पोराने खायचं काय, वारा?

तर विचारायचं हे की पोटातल्या जंतूंचा आणि ॲलर्जीचा खरंच संबंध आहे का? असेल तर आता काही करता येतं का? आणि सिझेरियनला मी हो म्हटलं, ते चुकलं का?

तांबडारस्सा | सोमवार, रात्री ११.५२

कोल्हापुरात जन्माला येऊन दुधाची ॲलर्जी? पोराला पांढरा रस्सा चालतो ना, मग झालं. त्यात नारळाचं दूध असतंय.

तांबडारस्सा | मंगळवार, सकाळी ७.१०

रात्री शेवटची ओळ न वाचताच खरडलं. माफ करा वहिनी. जाणकार येतीलच.

तालीममास्तर | मंगळवार, सकाळी ८.०५

ताई, मी ६८ वर्षांचा. आमी सात भावंडं, गोठ्याच्या भिंतीला लागून झोपायची खोली. कुणाला कसली ॲलर्जी म्हाईत नव्हती. तालमीतल्या तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घालून ती मुरवायची आणि त्यात लोळायचं. गंगावेशीला रात्री जाऊन उभ्यानं अर्धा लिटर दूध मारायचं. आता पोरं जमिनीला पाय लावत न्हाईत, हाताला सारखं ते सॅनिटायझर. मग अंग नाजूकच व्हनार की. तुमचे मावससासरे चुकीचं सांगत न्हाईत. माती आणि दूध, दुसरं औषध न्हाई.

खडूस चिंतू | मंगळवार, सकाळी ९.३०

मास्तर, आदर राखून विचारतो, तुमच्या आईला एकूण बाळंतपणं किती झाली आणि त्यातली जगली किती? माझ्या आजीची नऊ, जगली पाच. 'आमच्या वेळी' म्हणणारा माणूस हा नेहमी जगलेल्यांपैकीच असतो.

तालीममास्तर | मंगळवार, सकाळी १०.१५

दहा झाली. तीन गेली. एक हगवणीनं. तुमचं बोलणं टोचलं पण खोटं न्हाई.

पंचगंगाकाठ | मंगळवार, दुपारी २.२०

शिवाजी विद्यापीठात मायक्रोबायोलॉजी शिकले, नंतर बरीच वर्षं दुग्धव्यवसायातल्या प्रयोगशाळेत काढली. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं बोलणार नाही. पण जंतू हा माझा प्रांत, तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

सासूबाईंनी टीव्हीवर बघितलं ते साफ खोटं नाही. आपल्या संरक्षण पेशींचा सगळ्यात मोठा तळ आतड्याच्या अस्तराला लागून असतो. बाळ जन्मतं तेव्हा ही फौज अगदी कच्ची असते. मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर तालमीत नुकतं आलेलं पोर. ताकद लावायला कुणीही शिकतं, हात आवरायला वस्ताद लागतो. आतड्यातले जंतू ती वस्तादकी करतात. आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. या आम्लांमुळे 'टी-रेग' नावाच्या पेशी वाढतात, हे २०१३ मध्ये वेगवेगळ्या गटांनी उंदरांवर दाखवलं. या टी-रेग म्हणजे फौजेतल्या आवरणाऱ्या पेशी: दूध आलं, अंडं आलं, तर 'बस खाली, घरचंच आहे' म्हणणाऱ्या. त्या कमी पडल्या की शरीर दुधातल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं करून ठेवतं आणि पुढच्या वेळी दोन चमच्यांवर अख्खं अंग पेटतं.

आईच्या दुधातली एक गोष्ट मला विद्यार्थी असल्यापासून भुरळ घालत आली आहे. त्यात लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्यानंतर सगळ्यात जास्त घन भाग असतो तो काही गुंतागुंतीच्या साखरांचा, आणि त्या बाळाला पचतच नाहीत! मग आईचं शरीर एवढी मेहनत कुणासाठी घेतं? बिफिडोबॅक्टेरियम जातीच्या जंतूंसाठी. म्हणजे बाळाबरोबर आई त्याच्या वस्तादांनाही जेवू घालते. आमच्या गावाकडं अजून काही घरांत पहिलं चिकाचं दूध पिळून टाकतात, तेव्हा जीव तुटतो.

आता पुरावा. कॅनडात ३१९ बाळांची शी तपासली, २०१५ चं काम. पुढे दम्याचा धोका जास्त दिसलेल्या बाळांमध्ये तिसऱ्या महिन्यात चार प्रकारचे जंतू कमी होते: फीकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पायरा, व्हिलोनेला, रोथिया. गंमत म्हणजे वर्षाचं होईपर्यंत हा फरक बराचसा मिटला होता. मशागतीचे दिवस असतात तसंच हे, वाफसा गेला की पेरून उपयोग नाही. २०१९ मध्ये शिकागोच्या गटाने आणखी पुढचं केलं. जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात काहींना निरोगी बाळांचे जंतू दिले, काहींना दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांचे. मग दोन्ही गटांना दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी करायचा प्रयत्न केला. निरोगी बाळांचे जंतू मिळालेले उंदीर बचावले, दुसरे नाही.

पण उंदीर तो उंदीर, हे विसरू नका.

सिझेरियनबद्दल. नैसर्गिक बाळंतपणातल्या बाळाला आईच्या योनिमार्गातले आणि आतड्यातले जंतू आधी भेटतात, सिझेरियनच्या बाळाला कातडीवरचे आणि दवाखान्यातले. हा फरक खरा आहे. मात्र तो पहिल्या वर्षात बराच भरून निघतो. शिवाय सिझेरियनमध्ये आईला अँटिबायोटिक मिळतं, अंगावरचं दूध अनेकदा उशिरा सुरू होतं, म्हणजे नक्की कशाने काय झालं हे सुटं करता येत नाही. अभ्यासांत ॲलर्जीशी संबंध दिसतो तो माफक, आणि सिझेरियनच्या बहुतेक मुलांना ॲलर्जी होत नाही. तुमचं पाणी कमी झालं होतं. तिथे जंतूंचा विचार करत बसायची वेळच नव्हती.

तेरावी गल्ली | मंगळवार, दुपारी ३.०५

ताई, हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "वस्ताद" ऐकून खुश झाल्या. शेवटच्या परिच्छेदानंतर काही बोलल्या नाहीत, चहा टाकायला गेल्या. माझ्यासाठीही टाकला.

प्रोबायोटिकच्या थेंबांचं काय?

निरोगी_भव | मंगळवार, दुपारी ३.४०

वहिनी, आमच्याकडे १००% नैसर्गिक पावडर आहे, ४० दिवसांत आतडे शुद्ध, संपर्कासाठी (जाहिरात काढली आहे. सदस्याला समज दिली आहे. – व्यवस्थापक)

बाराखडी | मंगळवार, रात्री १०.३०

बालरोगतज्ज्ञ आहे, इचलकरंजीत. इथून कुणावर उपचार करत नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारायचे मुद्दे देतो. ओपीडी संपवून लिहितोय, चूकभूल देणेघेणे.

सगळ्यात आधी कट्टा. कृपा करून नेऊ नका. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना म्हशीचं आणि शेळीचं दूधही बाधतं, कारण प्रथिनं सख्ख्या बहिणींसारखी. 'गाईचं नको तर म्हशीचं द्या' हा सल्ला ऐकून आलेली, सुजलेल्या चेहऱ्याची बाळं मी स्वतः बघितली आहेत. पेल्यातली धार कितीही ताजी असली तरी केसीन हे दुधातलं प्रथिन तेच.

(अवांतर: गाढविणीचं दूध मात्र आईच्या दुधाच्या जवळचं असतं आणि इटलीत दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांवर त्याचे अभ्यास झालेत, बऱ्याच मुलांना ते सोसलं. म्हणून गल्लीत 'गाढविणीचं दूऽऽध' ओरडत येणाऱ्याकडून चमचाभर घ्यायला धावू नका. कच्चं असतं आणि त्यात स्निग्धांश फार कमी.)

दुसरी ती ९० पदार्थांची तपासणी. रिपोर्टवर आयजीजी लिहिलंय की आयजीई, बघा. आयजीजी असेल तर तो कागद नुसतं एवढंच सांगतो की तुमच्या मुलाने हे पदार्थ खाल्लेत. त्यावरून ॲलर्जी ठरवू नये असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केलंय. गहू, तूर, भात निमूटपणे सुरू करा, अर्थात आधी ते खाऊन त्रास झाला नसेल तर. मुलं ॲलर्जीने वाळतात त्यापेक्षा जास्त अशा कागदांमुळे वाळतात.

आणि आयजीई पॉझिटिव्ह आली तरी तो निकाल नव्हे. कर्नाटकात मोठ्या माणसांवर पाहणी झाली होती, त्यात २६.५% लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं, पण खाऊन खरोखर त्रास होणारे साधारण १.२%. म्हणून तुमच्या अंड्याच्या 'थोडंसं पॉझिटिव्ह'चा अर्थ डॉक्टरांसमोर बसून लावा. अंडं खाऊन त्रास झालाच नसेल तर कदाचित ते बंद ठेवायची गरजही नसेल. घरी प्रयोग नको.

प्रोबायोटिक: २००१ मध्ये फिनलंडमधल्या एका चाचणीने खळबळ उडवली होती. गरोदर आयांना आणि नंतर बाळांना लॅक्टोबॅसिलसची एक जात दिली, तर दोन वर्षांच्या वयात चट्ट्यांचं प्रमाण ४६% वरून २३% वर आलं. सगळे आनंदले. पुढे तीच जात वापरून इतरांनी केलेल्या चाचण्यांत तसा निकाल सगळीकडे मिळाला नाही. आणि तो प्रयोग चट्टे येण्याआधीचा होता, आलेली ॲलर्जी घालवण्याचा नव्हे. थेंबांनी तुमच्या मुलाचं दूध सुरू होणार नाही. थेंबांच्या बाटलीवर दुधाचे अंश आहेत का तेही बघा, काही उत्पादनांत असतात.

श्वास घरघरला, आवाज बसला, पोर मलूल पडलं तर ॲलर्जीचं सिरप पाजत वाट बघू नका, थेट दवाखाना. तिथे मांडीत ॲड्रेनालिन हेच पहिलं औषध.

खडूस चिंतू | मंगळवार, रात्री ११.१५

डॉक्टर, मग निष्कर्ष असा की जंतूंचं सगळं फक्त उंदरांना लागू, आणि बाजार मात्र माणसांचा?

बाराखडी | बुधवार, सकाळी ७.००

अगदी तसं नाही. अँटिबायोटिक घ्या. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लहान बाळांना दिली जाणारी अँटिबायोटिक्स हळूहळू कमी झाली. २००० ते २०१४ या काळात तिथे १ ते ४ वर्षांच्या मुलांमधलं दम्याच्या नव्या रुग्णांचं प्रमाण २६% नी घटलं. ज्या बाळांना पहिल्या वर्षी अँटिबायोटिक मिळालं त्यांच्या आतड्यातल्या जंतूंचं वैविध्य कमी होतं, तोही दुवा त्यांनी तपासला. हे माणसांतलंच. आपल्याकडे साधी सर्दी झाली की पालकच म्हणतात, 'डॉक्टर, जरा स्ट्राँग लिहा.' नाही लिहिलं तर गल्लीच्या टोकाला दुसरा बसलेलाच असतो. २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वन मध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि नोंद ठेवायची. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

न्यूमोनियाला मात्र अँटिबायोटिक द्यायचंच. तिथे आतड्यातल्या जंतूंची दया नको.

पंचगंगाकाठ | बुधवार, दुपारी १२.१०

मास्तरांवर काल जरा अन्याय झाला. त्यांच्या म्हणण्यातलं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं फार महत्त्वाचं आहे.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने १७,४१४ मुलांची माहिती पाहिली, सगळी १९५८ च्या मार्चमधल्या एकाच आठवड्यात जन्मलेली. वर जितकी मोठी भावंडं जास्त, तितकं परागकणांमुळे होणाऱ्या शिंकासर्दीचं प्रमाण कमी. तिथून 'फार स्वच्छता वाईट' हा समज पसरला. पुढे २००३ मध्ये ग्रॅहॅम रूक यांनी तो दुरुस्त केला: गोवर, हगवण झाल्याने कुणाचं भलं होत नाही, आपल्याला लागतात ते 'जुने सोबती', म्हणजे माती, जनावरं, माणसं यांच्याकडून येणारे बिनत्रासाचे जंतू. तेव्हा हगवण आणि मास्तरांची माती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हात धुवावेत, मातीतही खेळावं.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास २०१६ चा, अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन समाजांचा. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, खाणंपिणं सारखं, कुटुंबं मोठी. पण आमिश अजून घोड्यांनी शेती करतात, गोठा घराला लागून, पोरं पाळण्यातली असल्यापासून तिथे. हटराइटांची शेती यांत्रिक, सामायिक, गोठे वस्तीपासून लांब. शाळकरी मुलांमधला दमा: आमिश ५.२%, हटराइट २१.३%. आमिश घरांतल्या धुळीत जंतूंच्या कवचाचा अंश जवळपास सातपट होता. ती धूळ उंदरांच्या नाकात घातली तर उंदरांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

म्हणजे म्हैस दाराशी असणं आणि म्हैस कट्ट्यावर भेटणं यात फरक आहे. मी वडणगेत वाढले, गोठ्यातच. आज माझी मुलं फ्लॅटमध्ये, म्हैस चित्रात. गुळाच्या हंगामात गुऱ्हाळावर नेलं तर धुराने शिंकत परत आली.

आणि कच्च्या दुधाचं. मावससासऱ्यांना सांगा, युरोपातल्या ग्रामीण मुलांच्या मोठ्या अभ्यासात (२०११) शेतावरचं कच्चं दूध पिणाऱ्या मुलांमध्ये दमा कमी दिसला होता, उकळलेल्या दुधात तो फायदा दिसला नाही. दुधातल्या जंतूंच्या संख्येशी मात्र संबंध लागला नाही, लागला तो दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीतल्या, उष्णतेने बिघडणाऱ्या प्रथिनांशी. तरीही अभ्यास करणाऱ्यांनीच कच्चं दूध प्यायची शिफारस केली नाही. का, ते मी सांगते. प्रयोगशाळेत कच्च्या दुधाच्या बश्यांवर काय काय उगवतं ते मी वर्षानुवर्षं बघितलंय. ब्रुसेला, लिस्टेरिया, क्षयाचे जंतू, ही कल्पनेतली भुतं नव्हेत. कट्ट्यावरचे दूधवाले म्हशी छान ठेवतात, प्रश्न त्यांच्या हेतूचा नाही. ब्रुसेला झालेली म्हैस दिसायला धडधाकट असू शकते.

तालीममास्तर | बुधवार, दुपारी १.३०

पटलं. पण मी आता ६८ व्या वर्षी उकळून प्यायला लागणार न्हाई.

कागलची सून | बुधवार, रात्री ९.५०

तेरावी गल्ली, तुझ्याएवढंच मी सोसलंय म्हणून एक विचारते. बाळाला अंघोळीला काय लावत होतीस? आमच्या मुलीला सासूबाईंनी पहिले चार महिने साय आणि डाळीचं पीठ चोळलं. गालांवर चट्टे आल्यावर तर जास्तच, 'सायीनं मऊ पडतंय' म्हणून. पुढे तिलाही दूधच बाधलं. आमच्या डॉक्टरांनी साय ऐकून डोक्याला हात लावला.

तेरावी गल्ली | बुधवार, रात्री १०.०५

साय आणि मसूरडाळीचं पीठ. रोज. पाच महिने. मीच लावत होते.

बाराखडी | बुधवार, रात्री ११.२०

थांबा, लगेच स्वतःला फाशी देऊ नका.

शरीराची एखाद्या अन्नाशी पहिली ओळख कुठून होते, याला महत्त्व आहे. आतड्यातून झाली तर सहसा ते पाहुणा ठरतं. फाटलेल्या, सुजलेल्या त्वचेतून झाली तर चोर ठरण्याची शक्यता वाढते. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं की चट्टे आलेल्या त्वचेवर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त होती. चट्टे येणाऱ्या काही मुलांत फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचा जन्मजात दोष असतो, त्वचेची भिंतच कच्ची. तुमच्या मुलात साय हेच कारण, असं मी म्हणत नाही, कुणीच म्हणू शकणार नाही. लाखो मराठी बाळं सायीत न्हाली आणि त्यांना काही झालं नाही. पण चट्टे असलेल्या त्वचेवर खाण्याचे पदार्थ चोळणं आजपासून बंद. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, दिवसातून दोनदा. आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं असेल तर घाबरून अर्धवट सोडू नका. खाज थांबली की भिंत बुजते.

दुसरी बाजू तोंडाची. २०१५ मध्ये लंडनच्या गिडियन लॅक यांच्या गटाने चट्टे किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना शेंगदाणा नियमित खायला दिला, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत टाळायला सांगितला. सुरुवातीला त्वचाचाचणी निगेटिव्ह असलेल्यांत टाळणाऱ्यांपैकी १३.७% मुलांना पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांपैकी १.९%. त्याआधी आम्ही डॉक्टरच 'उशिरा द्या' म्हणत होतो. आमचंही चुकलं होतं, जगभर.

तुमच्याकडे शेंगदाण्याचं कूट रोजच्या भाजीत असणार. तुमच्या डॉक्टरांशी बोलून ते चालू ठेवा. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतो.

कागलची सून | बुधवार, रात्री ११.४५

आमची लेक आता पाच वर्षांची. खाण्यात नाचणीची आंबील (ताकाऐवजी भाताच्या पेजेत आंबवलेली), कडधान्यं, पालेभाज्या, कोंड्यासकट भाकरी. डॉक्टर म्हणाले होते, जंतूंना चोथा घाला, थेंबांचे पैसे वाचवा. साडेतीन वर्षांची असताना दूध सोसायला लागलं. आंबिलीने झालं असं मी म्हणणार नाही, बहुतेक मुलांचं वयानुसार जातंच म्हणे. पण ओढ्यावरच्या यल्लमाच्या आंबील यात्रेला दरवर्षी जाते मात्र.

खडूस चिंतू | गुरुवार, सकाळी ८.४०

कारण सांगितलं नाही आणि यात्राही सोडली नाही. या धाग्यावरची सगळ्यात शास्त्रशुद्ध व्यक्ती कागलची आहे.

पंचगंगाकाठ | गुरुवार, सकाळी ११.००

आंबिलीवरून एक. भारतीय आतड्यांत प्रीव्होटेला हा जंतू भरपूर सापडतो, डाळ-भाकरी खाणाऱ्यांचा जंतू. पाश्चात्त्य पोटांत बॅक्टेरॉइड्सचं राज्य. त्यामुळे तिकडच्या थेंबांची जादू इकडे तशीच चालेल हे गृहीत धरणंच चूक. फिनलंडमध्ये २०२० मध्ये एक साधा प्रयोग झाला. पाळणाघरांच्या अंगणात जंगलातल्या जमिनीचा थर, हिरवळ आणि कुंड्या आणून ठेवल्या. ३ ते ५ वर्षांची ७५ मुलं, काही अशा अंगणांत, काही नेहमीच्या. २८ दिवसांत अशा अंगणांतल्या मुलांच्या त्वचेवरच्या जंतूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तात संयमाच्या बाजूचे बदल दिसले. ॲलर्जी कमी झाली का, ते त्यात मोजलंच नव्हतं. पण मास्तर, तुमच्या तांबड्या मातीला फिनलंडने सलाम ठोकलाय असं समजा.

तालीममास्तर | गुरुवार, सकाळी ११.२०

सलाम पोचला. पोराला तीन वर्षांचं झालं की घेऊन या, मैदानावर न्हाई, नुसतं मातीत बसवू. त्याला खाजेचा तरास असेल तर आदी डॉक्टरला इचारून.

तेरावी गल्ली | आठ महिन्यांनी, शनिवार, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. मुलगा २२ महिन्यांचा झाला.

गहू, तूर, भात त्याच आठवड्यात सुरू केले, काही झालं नाही. नवऱ्याने तो लॅबचा कागद अजून जपून ठेवलाय, का ते विचारलं की विषय बदलतो. साय बंद, मलम आणि मॉइश्चरायझर नेमाने. चट्टे आता फक्त हिवाळ्यात, गुडघ्यामागे. अंडं दवाखान्यात बसून दिलं, सोसलं, आता रोज अर्धं उकडलेलं खातो.

परवा दुधाची पाळी होती. दवाखान्यातच, दूध घालून भाजलेला मफिन, आधी कणभर, मग वीस-वीस मिनिटांनी थोडं जास्त. हाताला सलाईनची सुई लावून ठेवलेली. सासूबाई बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन. दर वीस मिनिटांनी दार ढकलून "गांधी उठल्या काय?" एकूण अख्खा मफिन खाल्ला. ओठाजवळ एक लाल ठिपका आला, पुसल्यावर कळलं की जॅम होता.

आता घरी आठवड्यातून तीन-चारदा तसाच मफिन द्यायला सांगितलाय. कच्चं किंवा नुसतं उकळलेलं दूध अजून बंद, ते पुढच्या वर्षी बघू म्हणाले. प्रश्न असा की माझ्याकडे ओव्हन नाही. कुकरची शिट्टी काढून वाळूवर केक करते, तो चालेल का?

बाराखडी | शनिवार, रात्री ११.००

उत्तम बातमी. कुकरचा केक नको. मधला भाग ओलसर राहतो, आणि दुधाचं प्रथिन नीट भाजलं जाणं हाच तर यातला मुद्दा. पिठासोबत १८० अंशांवर तीस मिनिटं, छोट्या साच्यात, काडी कोरडी निघेपर्यंत. दवाखान्यातून मिळालेली कृतीच वापरा, दुधाचं माप त्यात ठरलेलं असतं, अंदाजे ओतू नका. ताप, जुलाब असताना त्या दिवशी देऊ नका.

तांबडारस्सा | शनिवार, रात्री ११.०८

वहिनी, माझा मेव्हणा तुमच्याच राजारामपुरीत राहतो, आठव्या गल्लीत. त्याच्याकडे ओव्हन आहे, लग्नात मिळालेला, अजून खोक्यात. उद्या सकाळी आणून ठेवतो.